तिला काय कळतंय?

माझी भाची २९व्या आठवड्यात जन्मली. वजन ११०० ग्रॅम. नागपूरच्या एका हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. पायाला पट्टी होती, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे वहिनीचं नाव. तिचं स्वतःचं नाव अजून ठरायचं होतं. आत फक्त आईवडिलांना सोडायचे, मी बाहेरच्या काचेतून बघायचे. वहिनी पेटीच्या गोल खिडकीशी तोंड नेऊन काहीबाही बोलत बसायची. डब्यात काय आलं होतं, दादाने गाडी कुठे लावली, बाहेर पाऊस किती आहे. टाके दुखत असताना तिला तशी वाकून बसलेली पाहून एकदा मी म्हटलं, “वहिनी, थोडं पडा ना. तिला काय कळतंय?”

वहिनीने उत्तर दिलं नाही. मला मात्र माझंच वाक्य बरेच दिवस टोचत राहिलं. खरंच, काय कळतं? मी वाचायला लागले.

फ्रान्समधल्या आमियां शहरातल्या संशोधकांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात २८ ते ३२ आठवड्यांची १२ बाळं होती, सगळी वेळेआधी जन्मलेली. ती झोपलेली असताना त्यांना ‘बा’ आणि ‘गा’ ही दोन अक्षरं ऐकवली, कधी बाईच्या आवाजात, कधी पुरुषाच्या. बाळाच्या कवटीतून विशिष्ट प्रकाश आत जाऊ शकतो. त्यावरून मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन बदलला ते समजतं. एकच अक्षर पुन्हापुन्हा ऐकवून मध्येच बदललं, की मेंदू त्याची दखल घ्यायचा. अक्षर तेच ठेवून आवाज बदलला, तरी घ्यायचा. मेंदूच्या पुढच्या भागात डावीकडे मात्र अक्षराच्या बदलाला वेगळा प्रतिसाद होता. या वयात मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचे थरही पूर्ण झालेले नसतात. काही पेशी अजून आपल्या जागी पोचायच्या असतात.

मी हरखले. आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना तर ही दोन्ही अक्षरं घरची. ‘काय गा’, ‘हो ना बा’. दोन्ही हाक मारायची. वाटलं, वहिनीला लगेच फोन करावा आणि सांगावं की तुमचंच बरोबर, तिला कळतं.

फोन हातात घेतला आणि थांबले. फरक ओळखणं म्हणजे कळणं नव्हे. १९७५ साली पॅट्रिशिया कूल आणि जेम्स मिलर यांनी चिंचिला नावाच्या उंदराच्या जातीच्या प्राण्याला ‘दा’ आणि ‘ता’ वेगळे ओळखायला शिकवलं होतं. म्हणजे अक्षरं ओळखता येणं हा माणूसपणाचा दाखला होऊ शकत नाही. आणि ‘तिला कळतं, म्हणून बोलायचं’ असं म्हटलं, तर ज्याला कळत नाही त्याच्याशी बोलू नये हेही आलंच. जन्मतःच ऐकू न येणाऱ्या बाळाला मग कुशीत घेऊन काही म्हणायचंच नाही?

दुसरं उत्तर फायद्याचं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या संशोधकांनी अशा बाळांच्या आसपासचे आवाज १६-१६ तास रेकॉर्ड केले. ज्यांच्या कानावर मोठ्यांचं बोलणं जास्त पडलं, त्यांचे भाषेचे गुण पुढे सातव्या आणि अठराव्या महिन्यात जास्त आले. हे ऐकून बरं वाटतं. पण या उत्तराशीही मी अडखळते, त्याला कारण शेजारची पेटी.

त्या पेटीत एक मुलगा होता. त्याची आई दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात, बाप दोन्हीकडे पळतोय. त्याच्याशी बोलायच्या त्या फक्त रात्रपाळीच्या सिस्टर. वहिनी सांगायची, सुई टोचायच्या आधी त्या म्हणायच्या, “थांब गा, जरासं दुखन हं.” मग क्षणभर थांबायच्या आणि मगच टोचायच्या.

नवव्या दिवशी ती पेटी रिकामी झाली.

फायद्याच्या हिशोबात सिस्टरचे शब्द वाया गेले. त्या मुलाची सातव्या महिन्यात कुठलीच चाचणी होणार नव्हती. पण ते वाया गेले असं माझ्याच्याने म्हणवत नाही. कुणी म्हणेल, सिस्टर स्वतःच्या समाधानासाठी बोलत होत्या. असेल थोडं. पण त्या सांगून थांबायच्या, ते थांबणं त्या मुलासाठी होतं. ‘दुखेल हं’ म्हटलं की हात आपोआप हळू होतो, कारण समोर वस्तू नाही, दुखणारं कुणीतरी आहे हे आपण कबूल केलेलं असतं. त्याला शब्द कळोत न कळोत, आपण बांधले जातो.

एक भीतीही आहे. आपल्याकडे अभिमन्यूची गोष्ट सांगून गर्भसंस्काराचा धंदा चालतो. अशा प्रयोगाची बातमी झाली, की आईच्या डोक्यावर नवं ओझं येईल : आज किती बोललीस? रोजी बुडवून पेटीशी बसणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून हे एकट्या आईचं काम नाही. जो पेटीजवळ जाईल, त्याचं आहे. त्या सिस्टरांना हे कुणी शिकवलं होतं की नाही, मला माहीत नाही.

बारसं उशिरा झालं, घरी आल्यावर. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. किती पिढ्या आपण हे करतोय! ज्याला एक शब्द कळत नाही, त्याचं नाव सगळ्यांत आधी त्यालाच सांगतो. मी वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं. तिने जांभई दिली. मग मी तिला पावसाचं सांगितलं, पेटीचं सांगितलं, शेजारच्या मुलाचंही सांगितलं.

“पुरे गं,” मागून वहिनी म्हणाली. “पाहुणे जेवायचे थांबलेत.”