इनाम दाखवणाऱ्याला

साथ आली की माणूस आधी विचारतो, कधी जाणार? जाणार का, हा प्रश्न उशिरा सुचतो.

*

३० मे २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याशी बोलताना कोरोनामुक्त झालेल्या तीन गावांचं कौतुक केलं. एक नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. उरलेली दोन सोलापूर जिल्ह्यातली: मोहोळ तालुक्यातलं घाटणे आणि दक्षिण सोलापुरातलं अंत्रोळी. ऋतुराज देशमुख आणि कोमल करपे हे तिथले तेव्हाचे तरुण सरपंच. दुसऱ्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं त्या लाटेतल्या विषाणूला डेल्टा हे नाव दिलं. इकडे गावं कोरोनामुक्त होत होती, तिकडे विषाणूचं बारसं चाललं होतं.

*

विषाणू हुशार नसतो. तो स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रत काढताना चुकतो. सोलापुरी चादरीच्या जेकॉर्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डातलं एक भोक चुकलं की नक्षी बिघडते. बहुतेक वेळा तो माल सेकंडमध्ये जातो. लाखात एखादी चूक मात्र बाजारात खपून जाते. डेल्टा ही अशीच खपलेली चूक.

*

ज्याला लागण झाली नाही, त्याच्या अंगात विषाणू बदलू शकत नाही. नव्या अवतारांवरचा सगळ्यात जुना उपाय एवढाच आहे.

*

१७ एप्रिल २०२१. दुसरी लाट चढत होती आणि पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणुकीचं मतदान झालं. आमदार भारत भालके कोरोनानंतरच्या दुखण्यात गेले, म्हणून जागा रिकामी झाली होती. कोरोनानं रिकामी केलेली जागा भरायला आपण कोरोनाच्याच दिवसांत रांगा लावल्या. त्याच जिल्ह्यात एखादं गाव वेशीवर पहारा देत होतं.

*

‘तो बदलतो, म्हणून जात नाही’ हे लगेच पटतं. लगेच पटणारं जरा तपासून घ्यावं.

गोवरचा विषाणूही प्रती काढताना चुकतो. तरी १९५४ मध्ये मिळालेल्या विषाणूच्या वंशावर बनलेली लस आजही लागू पडते. गोवराचा सख्खा भाऊबंद म्हणजे बुळकांडी. गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा रोग २०११ मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. उलट लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला, बदलायला आळशी. तरी २०२२ मध्ये त्यानं राज्यातले जनावरांचे बाजार बंद पाडले, कारण त्याला वाहून न्यायला माश्या, डास आणि गोचिडं आहेत.

बदलणारा गेला, न बदलणारा राहिला. म्हणजे गोम दुसरीकडे आहे.

*

विषाणूला दोन प्रश्न विचारावेत. तू दिसतोस का? आणि तुला माणसाखेरीज दुसरं घर आहे का?

देवी तोंडावर उठायची, लपवू म्हटलं तरी लपत नसे. जनावरांत तिला थारा नव्हता. भारतातला तिचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. २००३ चा सार्स तर कोरोनाच्याच घराण्यातला. पण तो ताप चढल्यावर पसरायचा, म्हणून सापडायचा. जुलैपर्यंत आटोक्यात आला.

कोविडचा माणूस ताप येण्याआधीच वाटत सुटतो. कित्येकांना ताप येतच नाही. शिवाय हा विषाणू अमेरिकेतल्या हरणांतही जाऊन राहिला आहे. दोन्ही प्रश्नांना त्याची उत्तरं आपल्या विरुद्ध आहेत.

सोलापूर शहरातला पहिला रुग्ण एप्रिल २०२० मध्ये कळला, तेव्हा तो माणूस हयात नव्हता.

*

साथीचे दिवस. आशाताई दारात येते, म्हातारीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावते. बोट गार असेल तर आकडा उमटत नाही. मग ती तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळते आणि पुन्हा लावते. ब्याण्णव. घरात कुजबुज होते. सून उंबऱ्यापाशी बसल्याबसल्या म्हणते, “ताई, कुणाला सांगू नका. गल्लीला पत्रे ठोकतील.”

सुनेच्या मांडीवर सूप, सुपात विडीची पानं. गल्ली बंद झाली की विडी कारखान्यात पोचायची नाही, आणि विडी पोचली नाही की मजुरी नाही.

लपणं विषाणूला निसर्गानं दिलं. उरलेलं आपण पत्रे ठोकून दिलं.

*

जग कोविडमुक्त होईल का? आज हातात आहे त्या बळावर, नाही. गाव होतं, पण पुढची एसटी येईपर्यंत. तेवढे दिवसही फुकट जात नाहीत. त्या दिवसांत कुणाला खाट मिळते, कुणाच्या दंडाला लस मिळते.

*

साथीत सलग दोन वर्षं संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. १० जुलै २०२२ च्या आषाढीला वाळवंट पुन्हा माणसांनी भरलं. तेव्हा ओमायक्रॉनची पिल्लावळ फिरतच होती. लस आणि आधीची लागण यांनी तिचे दात बोथट केले होते, एवढंच. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आणीबाणी उठवली. विषाणू संपल्याचं ती म्हणाली नाही. १९१८ च्या तापाचे वंशजही अजून दर साली फिरतात, आणि आपण त्यांना फ्लू म्हणून दोन दिवस रजा टाकतो.

*

देवीच्या शेवटच्या दिवसांत सरकारनं इनाम लावलं होतं: देवीचा रुग्ण दाखवा, पैसे मिळवा. १९७५ मध्ये ते हजार रुपयांपर्यंत गेलं. लोक रुग्ण शोधत हिंडले.

२०२१ च्या जूनमध्ये राज्यानं कोरोनामुक्त गावांची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस पन्नास लाखांचं. हेतू चांगला होता, गावं कामालाही लागली. पण बक्षीस ‘नाही’ म्हणणाऱ्याला ठेवलं की तपासणी नकोशी होते. तपासलंच नाही तर आकडा आपोआप शून्य राहतो.

एका इनामानं रोग उजेडात ओढला. दुसऱ्यानं गावाला शून्याचा मोह घातला. देवी गेली त्यात लसीचा वाटा मोठा, पण दाखवणाऱ्याला इनाम होतं, हाही वाटा लहान नाही.

*

विषाणू बदलत राहणारच. तो त्याचा प्रश्न. रोग सांगणाऱ्याच्या दाराला पत्रे लावायचे की त्याच्या घरी महिन्याचा शिधा पोचवायचा, हा आपला. पुढच्या साथीत बक्षीस ठेवायचंच असेल, तर ते पहिला रुग्ण दाखवणाऱ्या गावाला ठेवावं.