जिंकलेल्या सामन्यातला हरलेला गेम

तीन सामने खेळले, दोन जिंकले, आणि तरी गाशा गुंडाळावा लागला. जुलै २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी या बॅडमिंटन दुहेरीच्या जोडीच्या वाट्याला हे आलं. चिराग आपल्याच बाजूचा, मालाड-गोरेगावच्या पट्ट्यातला. उदय पवारांच्या अकादमीत घडला, पुढे हैदराबादला प्रशिक्षक गोपीचंदांकडे गेला. पाठीला किटबॅग लावून गोरेगाव स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांची मनधरणी करणाऱ्या पोरांना त्याची पदकं तोंडपाठ असतात. टोकियोचं गणित मात्र सहसा कुणी काढत नाही. मला ते पदकांपेक्षा जास्त शिकवणारं वाटतं, म्हणून आज तेच मांडतो.

गटात जोड्या चार, पुढे जाणार दोन. पहिल्याच सामन्यात आपल्या जोडीने तैवानच्या ली यांग–वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असं हरवलं. दुसऱ्यात इंडोनेशियाच्या मार्कस गिडियन–केविन सुकामुल्जो या तेव्हाच्या अव्वल जोडीने आपल्याला सरळ दोन गेममध्ये गुंडाळलं. तिसऱ्यात ब्रिटिश जोडीवर आपण तितक्याच सरळ मात केली. एरवी एवढं पुरलं असतं. पण त्याच दिवशी तैवानने इंडोनेशियाला हरवलं आणि तिन्ही जोड्यांचे विजय दोन-दोन झाले. मग जिंकलेल्या गेममधून हरलेले गेम वजा केले गेले. इंडोनेशियाचे उरले तीन, तैवानचे दोन, आपला एक. ली-वांग पुढे गेले आणि थेट सुवर्णपदक घेऊनच परतले. अख्ख्या स्पर्धेत त्यांना हरवणारी जोडी एकच होती, आणि ती तोवर घरी पोहोचली होती.

यात चूक कुणाची? नियम आधीपासून छापलेला होता. पंचांनी काही वाकडं केलं नाही. तैवानने इंडोनेशियाला हरवलं, तो तर त्यांचा हक्कच. बोट दाखवायला कुणी सापडत नाही, आणि अशी हार पचायला सगळ्यात जड. दहावीनंतरच्या कटऑफमध्ये अर्ध्या टक्क्याने कॉलेज हुकलेल्या मुलाला हे वेगळं सांगायला नको. घरात मग चारसहा दिवस गुन्हेगाराचा शोध चालतो. पेपर तपासणारा, क्लासवाला, मोबाइल, शेवटी आई.

गोरेगाव पश्चिमेच्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये मी कधीमधी जाऊन बसतो. एकदा तिथे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा दुहेरीचा सामना चालला होता. शटल दोघांच्या बरोबर मधून आलं. दोघेही अर्धं पाऊल पुढे सरकले, दोघेही थबकले, आणि ते मधल्या रेषेवर टप्पकन पडलं. दुहेरीत हे रोजचंच. कुणीतरी वेळेत ‘माझं!’ ओरडायचं असतं, ते राहून गेलं, एवढंच. मुलांना ते कळलंही होतं. एकाने रॅकेटच्या टोकाने शटल उचललं, दुसऱ्याने हात पुढे केला. तेवढ्यात बाकावरून एका वडिलांचा आवाज आला, “अरे, त्याचं होतं ते! तू कशाला मध्ये जातोस?” पुढचे चार-पाच गुण ती जोडी एकत्र खेळलीच नाही. मधून आलेल्या प्रत्येक शटलला त्या वडिलांचा मुलगा हात आखडता घेऊ लागला. जोडीदाराच्या माथी खापर फोडायचं पोरं कोर्टवर शिकत नाहीत, ते शिक्षण गॅलरीतून मिळतं. (त्या गृहस्थांनी मध्यंतरात दोन्ही मुलांना स्वतः पाणी दिलं, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता.)

सात्त्विक-चिरागची जोडीही काही स्वर्गात जुळलेली नव्हे. एक आंध्रच्या अमलापुरमचा, एक मुंबईचा. दोघे उंच, दोघांनाही मागून धडाधड स्मॅश मारायची सवय. मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांना एकत्र आणलं, तेव्हा जाळ्याजवळ उभं राहून बारीक काम कोण करणार, हाच प्रश्न होता. पुढे चिरागने ते काम बरंचसं अंगावर घेतलं. हातातला स्मॅश जोडीदारासाठी सोडायचा आणि त्याच्यासाठी पुढून प्रतिस्पर्ध्याला शटल उचलायला लावायचं, यात फोटो कमी निघतात.

आता टोकियोकडे पुन्हा एकदा पाहू. चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर हातावर हात ठेवून बसायचं का? तैवानविरुद्धच्या त्या पहिल्या सामन्यातला दुसरा गेम घ्या, १६-२१ वाला. सामना आपण जिंकला, म्हणून तो गेम सगळे विसरले. तेवढा एक गेम आपला असता, तर आपली वजाबाकी दोनवर गेली असती आणि तैवानची एकवर आली असती. मग बाहेर तैवान गेलं असतं. खापर फोडणं आणि हिशेब मांडणं यातला फरक मला इथे दिसतो. खापर फोडणारा हरलेला सामना उगाळत बसतो. हिशेब मांडणारा जिंकलेल्या सामन्यातही आपण कुठे सैल पडलो ते तपासतो, आणि ते तपासताना त्याला दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

मे २०२२मध्ये बँकॉकला थॉमस चषक या सांघिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत हीच जोडी इंडोनेशियाच्या मोहम्मद अहसान–सुकामुल्जो यांच्याविरुद्ध उतरली. सुकामुल्जो म्हणजे टोकियोतल्या त्या जोडीतलाच एक. पहिला गेम गेला, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवत २३-२१, तिसरा २१-१९. भारताने ३-० ने पहिल्यांदाच थॉमस चषक जिंकला. इथे थांबलो तर गोष्ट छान गोड होते, आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतले पाहुणे नेमके इथेच थांबतात. पण २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, पदकाची खात्री धरली गेली असताना, ही जोडी उपांत्यपूर्व फेरीत पहिला गेम जिंकूनही मलेशियाकडून हरली. सुवर्ण पुन्हा ली-वांग यांनीच नेलं. कष्टाचं फळ मिळतंच, असं मुलांना सांगताना माझी जीभ म्हणून अडखळते. हिशेब चोख ठेवला म्हणून खेळ आपलं देणं लागतो, असं नाही.

एक गोष्ट मात्र निराळी ठेवायला हवी, नाहीतर हे सगळं ‘गप्प बसा’ या उपदेशात जमा होईल. जुलै २०२४मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेल्या मुंबईच्या क्रिकेटपटूंचा विधानभवनात सत्कार झाला, संघाला ११ कोटींचं बक्षीस जाहीर झालं. तेव्हा चिराग उघडपणे बोलला. क्रिकेटपटूंच्या यशाचा आनंदच आहे, पण थॉमस चषक जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा मी एकटा होतो आणि राज्य सरकारने साधी दखलही घेतली नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. काहींना ते रडगाणं वाटलं. मला नाही वाटलं. टोकियोतली वजाबाकी नियमाची होती, ती त्याने सोसली. कुणाचा सत्कार करायचा आणि कुणाला विसरायचं, हे मात्र माणसं ठरवतात, आणि माणसांना जाब विचारता येतो. शाळेच्या संघातून ओळखीपाळखीपायी नाव कापलं गेलेल्या मुलीने सरांसमोर उभं राहून कारण विचारलं, तर घरच्यांनी तिला खिलाडूवृत्तीचा डोस पाजू नये. तिच्यासोबत जावं, आणि बोलू तिलाच द्यावं.