जागेवर बसून

निवृत्तीनंतर काय करायचे, या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरे आहेत. सकाळचा फेरफटका, ज्येष्ठ नागरिक संघ, नातवंडे, जमल्यास चारधाम. अलीकडे त्यांत चित्रकलेची भर पडली आहे. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली आणि पुढे बँकेत, एसटीत, शिक्षकीत किंवा संसारात उभे आयुष्य गेलेली माणसे रंगपेटी घेऊन नदीकाठी बसू लागली आहेत. घरचे लोक कौतुकाने म्हणतात, ‘बरा वेळ जातो.’ मला हे कौतुक फार तोकडे वाटते. उतारवयात उघड्यावर बसून निसर्गचित्र काढणे हे शिक्षण आहे, आणि शिक्षणाला द्यावा तेवढा मान आणि वेळ त्याला द्यायला हवा.

यात शिकायचे असते ते पाहणे. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या वहीत एकच देखावा होता: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, काठावर नारळ आणि आभाळात चारच्या आकड्यासारखे पक्षी. साठीतला माणूस पहिल्यांदा बोर्डावर कागद लावतो तेव्हा समोर साक्षात कृष्णा वाहत असली, तरी हात त्याच देखाव्याकडे ओढ घेतो. झाड हिरवे, पाणी निळे, दगड काळा. वस्तू ओळखू येण्यापुरतेच आपण जन्मभर पाहत आलेले असतो. ओळख पटली की नजर पुढे सरकते. रोजच्या व्यवहाराला एवढे पुरते, चित्राला पुरत नाही.

वाईजवळच्या मेणवलीचा घाट घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून कृष्णेत उतरणाऱ्या या पायऱ्या काळ्या पाषाणाच्या आहेत, असे कुणीही सांगेल. सकाळच्या उन्हात त्यांच्यासमोर शांतपणे बसले की त्या पायऱ्यांत काळा रंग जवळजवळ सापडतच नाही. ऊन पडलेला पायरीचा माथा फिकट, मातकट दिसतो. सावलीतली उभी बाजू निळसर जांभळी असते. पाण्याला टेकलेली पायरी ओली, म्हणून सर्वांत गडद, आणि तिच्यातही वरच्या झाडाची हिरवी झाक उतरलेली असते. ट्यूबमधला काळा रंग इथे सरसकट लावला की घाट निर्जीव होतो. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ओल्या कागदावर एकमेकांत मिसळू दिले, तर जो राखाडी उमटतो तो या दगडाच्या पुष्कळ जवळ जातो. उन्हात सिएना थोडा जास्त, सावलीत निळा जास्त. हे पुस्तकात वाचता येते, पण पटते ते घाटावर बसल्यावरच.

पारदर्शक जलरंगात पांढऱ्यासाठी कागदच कोरा राखावा लागतो. म्हणजे पहिला वॉश, रंगाचा पातळ थर, टाकण्याआधीच काय सोडायचे ते ठरवणे आले. त्यात ऊन कुणासाठी थांबत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, आणि दोन तासांत सावल्यांची दिशा व लांबी दोन्ही बदलतात. म्हणून जाणकार चित्रकार सुरुवातीलाच सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या करतात आणि मग त्या हलवत नाहीत. वैशाखात वॉश पसरेपर्यंत वाळतो, आषाढात तो वाळता वाळत नाही. अशा वेळी तरुण विद्यार्थ्याला प्रत्येक पायरी आणि प्रत्येक पान कागदावर आणावेसे वाटते. ज्याने घर, नोकरी, आजारपणे निभावली आहेत, त्याला आज कशावाचून अडते आणि काय सोडून देता येते याचा अंदाज असतो. वयाचा हा फायदा खरा आहे.

तोटाही खरा आहे. वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळट होते, निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात. क्लोद मोने यांना मोतीबिंदूने इतके घेरले होते की अखेर १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यानंतरही ते आपल्या कमळतळ्याची चित्रे रंगवत राहिले. हात कापत असेल तर मोठा ब्रश आणि मोठा आकार घ्यावा, गुडघे दुखत असतील तर घडीचे स्टूल न्यावे. तेही झेपत नसेल तर गॅलरीतून दिसणारे झाड काढावे. मोबाइलवरच्या फोटोवरून मात्र शिकू नये. फोटोत आभाळ सांभाळले की सावली बऱ्याचदा काळीठिक्कर पडते, आणि सावली सांभाळली की आभाळ पांढरे होते. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो आणि सावलीतही रंग शोधतो. तो शोधच तर शिकायचा आहे.

उशीर झाला, ही सबबही टिकत नाही. नौदलाचे मंत्रिपद गेल्यावर १९१५ साली चर्चिल यांनी चाळिशीत प्रथम ब्रश धरला आणि पुढे उघड्यावरची निसर्गचित्रे आयुष्यभर काढली. रवींद्रनाथ ठाकूर चित्रांकडे गंभीरपणे वळले ते साठीनंतर. महाराष्ट्रात तर या कामाची थोर परंपरा आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतले आणि तिथल्या कोटितीर्थ तळ्याचा परिसर आपल्या चित्रांत पुन्हा पुन्हा पाहत राहिले. नव्याने शिकणाऱ्याला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विषयासाठी दूर जायची गरज नाही. गावातले एक तळेही जन्मभर पुरते.

अडते ते बहुधा संकोचापाशी. रस्त्याकडेला बोर्ड मांडून बसले की पाठीमागे माणसे जमतात, पोरे विचारतात, ‘आजोबा, हे काय काढताय?’ त्यांना उत्तर द्यावे, बाजूला बसवून घ्यावे. त्या पोरांना आपल्या गावची नदी इतका वेळ पाहणारा मोठा माणूस क्वचितच भेटलेला असतो. जो काठावर तास तास बसतो, त्यालाच घाटावर ओतलेले सिमेंट, पाण्यावर आलेली जलपर्णी आणि तोडलेला पिंपळ आधी दिसतो, आणि त्याला त्याचे दुःखही होते. गावाला अशा नजरेची गरज आहे.

तेव्हा साठी उलटलेल्या, मनात चित्र राहून गेलेल्या प्रत्येकाला माझा आग्रह आहे. चांगला जाड कागद, मोजके रंग आणि पाण्याची बाटली घ्या आणि जवळच्या पाण्याशी किंवा झाडाशी जाऊन बसा. हात बसायला काही वर्षे लागतील, म्हणून सुरुवात याच आठवड्यात करा.