निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २५.

‘फळाची आशा ठेवू नको’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय, की त्याचा एक सोयीचा अर्थही काढून ठेवलाय : मी मनापासून करतोय ना, मग पुढचं देव बघेल. आजचा श्लोक आपल्याला नेमका इथे अडवतो. परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि आपली कुवत, हे न बघता मोहाने सुरू केलेल्या कामाला भगवंत तामस म्हणतात.

हे समजायला जरा दूरचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत स्ट्रीट रॉडचा छंद आहे. साधारण १९४८ पर्यंतची जुनी गाडी घ्यायची, घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण खोलायची आणि जुन्या रूपात नवं इंजिन घालून रस्त्यावर आणायची. १९३२ ची फोर्ड व्ही-८ ही यातली सगळ्यांची लाडकी. सुट्टीचे दिवस त्यात जातात, वर्षंही जातात, आणि घातलेला पैसा सहसा परत येत नाही. वरवर पाहिलं तर अगदी निष्काम कर्म!

आता ते चार प्रश्न लावून बघा.

परिणाम : त्या फोर्डचं इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं होतं आणि ब्रेक सळ्यांनी ओढले जायचे. फोर्डच्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक आले ते १९३९ च्या मॉडेलपासून. आता इंजिन कितीतरी पट ताकदीचं बसवलं आणि ब्रेक तेच जुने ठेवले, तर गाडी थांबणार कशी?

नुकसान : छत बुटकं करायला मूळ पत्रा एकदा कापला की कापला. म्हणूनच काही जण नव्याने बनवलेली बॉडी घेतात आणि जुनी तशीच राहू देतात.

इजा : जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडाच घासला, तर ती धूळ कपड्यांवरून घरात येते, रांगणाऱ्या बाळापर्यंत पोचते.

कुवत : पत्र्याचं वेल्डिंग सरावाने जमेल. पण स्टिअरिंगचा जोड? तिथे जाणत्या माणसाकडे जाण्यात कमीपणा कसला?

कोणी म्हणेल, एवढा विचार करत बसलो तर काम सुरूच व्हायचं नाही. अर्जुनाचंही तेच झालं होतं ना? पण भगवंतांनी त्याला ‘विचार सोड’ असं कुठे सांगितलं? उलट याच अध्यायाच्या ६३ व्या श्लोकात ते म्हणतात, सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर.

मला वाटतं, फरक इथे आहे. फळ म्हणजे मला काय मिळेल. परिणाम म्हणजे माझ्या कामामुळे कोणाचं काय होईल. पहिल्याची आसक्ती सोडायची आहे, दुसऱ्याची जबाबदारी नाही. रस्त्यावर सगळे रंगाचं कौतुक करतात, ब्रेक कोणालाच दिसत नाहीत. पण समोरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव त्या न दिसणाऱ्या ब्रेकवरच असतो. कौतुकाची आशा न ठेवता ते नीट बसवणं, हा खरा निष्काम भाव.

आपल्याकडे गाडी नसेल, पण मनापासून हाती घेतलेलं काहीतरी असतंच : स्टार्टअप, ट्रेक, एखादी सेवा. आज त्यालाच विचारून बघूया : माझ्या या आवडीची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण मोजतंय?

जय श्रीकृष्ण!