धमकीच्या पोटातली तक्रार

क्रोधाला अक्रोधाने जिंकावे हा उपदेश धम्मपदात आहे, महाभारतातील विदुरनीतीत आहे आणि भागवत संप्रदायाच्या संतचरित्रांतून तो महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला आहे. परंतु ज्याने काही विकले आहे आणि त्या विक्रीवरूनच ज्याला धमकी आली आहे, अशा माणसाने हा उपदेश कसा आचरावा, हा प्रश्न सामान्य क्षमाविचारापेक्षा वेगळा आणि अधिक अवघड आहे. साधूला शिवी देणाऱ्याचे साधूकडे काही येणे नसते, आणि म्हणून साधूने शिवी गिळली की प्रसंग संपतो. विक्रेत्याची स्थिती तशी नाही. त्याला धमकावणाऱ्या ग्राहकाचे त्याच्याकडे खरोखर काही येणे असू शकते, किंबहुना पुष्कळदा असतेच. आणि जो माणूस ज्या क्षणी अन्याय करीत आहे त्याच क्षणी न्यायाचा हक्कदारही आहे, त्याच्याशी कसे वागावे, हा या प्रसंगातील खरा धर्मप्रश्न होय.

रत्नागिरीच्या हापूस व्यापारात हा प्रश्न दर उन्हाळ्यात उभा राहतो. पूर्वी बागायतदाराची पेटी वाशीच्या बाजारात दलालाकडे जाई, तेथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि शेवटी ग्राहकाकडे. ग्राहकाचा राग या साखळीतील जवळच्या दुव्यावर निघे आणि बागेपर्यंत पोहोचेतो तो निवत असे. भ्रमणध्वनीवरून मागणी घेऊन पेट्या थेट घरपोच करण्याची रीत गेल्या काही वर्षांत रुळली, २०२०च्या टाळेबंदीत तर अनेक बागायतदार शहरांतील गृहसंकुलांपर्यंत स्वतः पोहोचले, आणि त्यामुळे दलाली वाचली तसे रागाला अडवणारे मधले माणूसही राहिले नाही. पुण्याच्या किंवा मुंबईच्या घरात कापलेले फळ आतून खराब निघाले की अर्ध्या तासाच्या आत बागायतदाराच्या हातातील यंत्रावर संदेश उमटतो, आणि त्यात पैसे परत मागण्याबरोबरच नाव बदनाम करण्याची, माणसे घेऊन येण्याची किंवा ‘बघून घेण्याची’ भाषा असू शकते.

या फळाचा एक विशेष येथे ध्यानात घ्यावा लागतो. हापूसमध्ये ‘साका’ नावाचा दोष होतो, म्हणजे फळ बाहेरून निर्दोष, रंगाने आणि वासाने उत्तम असते, पण कापल्यावर आतला गर काही भागात पांढुरका, स्पंजासारखा आणि आंबट झालेला आढळतो. आढीत, म्हणजे गवताच्या थरांत फळे पिकत घातलेल्या जागी, कितीही काळजी घेतली तरी न कापता हा दोष ओळखणे सामान्य बागायतदाराच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून साका निघालेल्या पेटीबाबत विक्रेता अपराधी नसतो, परंतु जबाबदार असतो; अपराध हा हेतूशी बांधलेला आहे, तर जबाबदारी दिलेल्या मूल्याशी आणि न मिळालेल्या वस्तूशी. धमकी आलेल्या विक्रेत्याच्या मनात या दोन गोष्टींची गल्लत अगदी सहज होते. आपण फसवलेले नाही ही जाणीव खरी असते, आणि तिच्याच बळावर आपण काही देणेही लागत नाही असा चुकीचा निष्कर्ष तो काढून मोकळा होतो.

धर्मशास्त्राने ही गल्लत होऊ दिली नव्हती, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीत राजाने निर्णय करावयाच्या वादांचे अठरा विषय सांगितले आहेत, ज्यांना व्यवहारपदे म्हणतात. त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’, म्हणजे खरेदी किंवा विक्री झाल्यावर झालेला पश्चात्ताप व त्यातून उद्भवणारा वाद, हे एक पद आहे आणि ‘वाक्पारुष्य’, म्हणजे वाणीने केलेली कठोर आगळीक, हे दुसरे. पहिल्या पदाखाली मनूने घेणाऱ्याला व देणाऱ्याला दहा दिवसांच्या आत व्यवहार मोडण्याची मुभा दिली आहे, तर याज्ञवल्क्याने वस्तूच्या स्वभावानुसार परीक्षेची मुदत वेगवेगळी ठरवली आहे, बियाण्याला दहा दिवस, रत्नांना सात, ओझ्याच्या जनावरांना पाच, लोखंडाला एक. मुदतीमागील तत्त्व उघड आहे: ज्या वस्तूचा दोष उशिरा कळतो, तिच्या ग्राहकाला बोलण्यासाठी अधिक वेळ मिळाला पाहिजे, आणि त्याचे बोलणे हा विक्रेत्याचा अपमान समजला जाऊ नये. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे १८८० मध्ये जन्मलेले, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचेच, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या व्यवहारपदांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. हे विषय वेगळे ठेवण्यामागे केवळ न्यायसभेची सोय नाही. ग्राहकाची तक्रार आणि त्याची धमकी एकाच संदेशात, एकाच वाक्यातसुद्धा आलेली असली, तरी त्या दोन घटना आहेत. एकीत तो वादी आहे, दुसरीत प्रतिवादी, आणि एका वादाचा निकाल दुसऱ्यात वळता करून घेता येत नाही.

बुद्धचरित्रातील एक प्रसंग येथे बोधक ठरतो. संयुत्तनिकायात भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण बुद्धाला शिव्या देतो, तेव्हा बुद्ध त्याला विचारतो की घरी आलेल्या पाहुण्यांनी पुढे ठेवलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे राहते. यजमानाचेच, असे तो म्हणतो, आणि मग न स्वीकारलेल्या शिव्याही देणाऱ्याकडेच राहतात, असे बुद्ध सांगतो. हा दृष्टांत भिक्षूसाठी संपूर्ण आहे. विक्रेत्यासाठी मात्र तो अर्धाच लागू पडतो, कारण त्याच्या पुढ्यात आलेल्या ताटात न घेण्याजोग्या अन्नाबरोबर त्याचीच एक वस्तूही परत आलेली असते. शिवी न घेता परतवावी, पण तिच्यासोबत तक्रारही परतवली गेली तर ती शांती नव्हे, बुडवेगिरी होय, मग मुद्रा कितीही प्रसन्न असो. आध्यात्मिक वृत्तीच्या व्यापाऱ्याला या प्रसंगी असलेला धोका संतापी व्यापाऱ्याहून कमी नसून अधिक आहे, असे म्हणावे लागते. कारण संतापलेल्याला आपण चुकत आहोत हे पुढे तरी कळते, पण मौन धरून बसलेल्याला आपली अक्रोधवृत्ती हेच उत्तर पुरेसे वाटू लागते.

याच्या उलट बाजूचा दोष भयाचा आहे. धमकी आली म्हणून घाईघाईने पैसे परत करणारा विक्रेता बाह्यतः योग्य तेच करतो. परंतु कर्माची योग्यता बाह्य परिणामावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, असे प्रतिपादन ज्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हिरिरीने केले, त्या बाळ गंगाधर टिळकांच्या कसोटीवर हे कर्म टिकत नाही. भीतीने दिलेले पैसे आणि देणे म्हणून दिलेले पैसे यांतला फरक केवळ अंतःकरणापुरता राहत नाही, तो लवकरच व्यवहारातही उतरतो. त्याच दिवशी काढलेल्या, त्याच आढीत पिकलेल्या आणखी दहा पेट्या इतर घरी गेलेल्या असतात. तेथेही साका निघालेला असू शकतो, पण ती माणसे संकोची असतात, किंवा हे नशिबाचे म्हणून सोडून देणारी असतात, किंवा वयाने थकलेली असतात. भयाने हललेला विक्रेता ओरडणाऱ्याला पैसे देतो आणि गप्प बसलेल्यांना विसरतो. देणे म्हणून देणारा विक्रेता त्या दहाही घरी विचारणा करतो. धमकीला दिलेले उत्तर न्याय्य होते की नाही, याची याहून खात्रीची परीक्षा नाही: ज्याने आवाज चढवला नाही, त्याच्या पदरात काय पडले?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीतच झाला, आणि अक्रोधाच्या प्रश्नावर त्यांचे नाव आणखी एका कारणाने घ्यावे लागते. जानेवारी १९२० मध्ये ‘यंग इंडिया’ पत्रात त्यांचा आणि गांधींचा एक छोटा पण मूलगामी वाद झाला. राजकारण हा साधूंचा नव्हे, संसारी माणसांचा व्यवहार आहे, आणि त्यात बुद्धाच्या अक्रोधापेक्षा जो ज्या भावाने येईल त्याला त्याच भावाने भेटण्याचे श्रीकृष्णाचे वचन आपल्याला अधिक मान्य आहे, असे टिळकांनी लिहिले. गांधींनी उत्तरादाखल शठाशीही सत्यानेच वागावे हा आपला नियम सांगितला. व्यापार हाही संसारी माणसांचाच व्यवहार असल्याने विक्रेत्याने टिळकांचा पक्ष घ्यावा, असे प्रथमदर्शनी वाटते, आणि धमकीला प्रतिधमकी देणारे अनेकजण कळत नकळत त्याच आधारावर उभे असतात. परंतु गीतारहस्य बारकाईने वाचणाऱ्याला हा आधार निसटतो. ‘निर्वैर’ असणे म्हणजे प्रतिकार न करणे नव्हे, हे टिळक सांगतात हे खरे. पण तितक्याच स्पष्टपणे ते प्रतिकार करणाऱ्याच्या बुद्धीतून वैर गेलेले असले पाहिजे अशी अट घालतात. ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक चारचौघांत उघड करणे, त्याच्या घरच्यांना निरोप धाडणे, त्याची टर उडवणे ही सर्व वैराची कामे आहेत आणि ती टिळकमतानेही समर्थनीय ठरत नाहीत. दोघांतील मतभेद खोल होता, तो झाकण्याचे कारण नाही. तरी विक्रेत्याच्या या लहानशा प्रसंगात दोघेही त्याला एकाच गोष्टीपासून परावृत्त करतात.

प्रतिकार केव्हा करावा, याचे अधिक नेमके उत्तर वनपर्वात सापडते. तेथे द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बली यांचा संवाद ऐकवते, आणि सभेत झालेली विटंबना सोसलेल्या स्त्रीच्या तोंडून तो येतो म्हणून त्याला वजन आहे. नेहमीची क्षमाही चांगली नाही आणि नेहमीचा उग्रपणाही चांगला नाही, असे प्रल्हाद सांगतो. पूर्वी उपकार केलेल्याला, अजाणतेपणी चुकलेल्याला आणि पहिल्याच अपराधाबद्दल क्षमा करावी, परंतु जाणूनबुजून केलेला अपराध अल्प असला तरी तो सोडू नये, असा त्याचा विवेक आहे. रागाच्या भरात लिहिलेली एक ओळ आणि थंड डोक्याने, दिवसामागून दिवस, रक्कम वाढवत नेत धाडलेले संदेश यांतला भेद या विवेकाने लगेच कळतो. शिवाय पहिल्या रागामागे एक इतिहास असतो. कर्नाटकातील आंबा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, ही तक्रार जुनी आहे; ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हीच चिंता होती, आणि एका मालात दुसरा मिसळून विकू नये ही आज्ञा मनूनेही दिलेली आहे. पूर्वी फसलेला ग्राहक नव्या पेटीत साका पाहतो तेव्हा त्याला निसर्गाचा दोष दिसत नाही, आधीची लबाडी दिसते. प्रामाणिक बागायतदाराला अशा वेळी दुसऱ्यांनी केलेल्या फसवणुकीचा राग सोसावा लागतो. हे अन्यायाचे आहे, पण ज्या नावामुळे त्याच्या फळाला भाव मिळतो त्या नावाबरोबरच तो त्याच्याकडे आलेला आहे, हे ओळखले तर पहिल्या धमकीला क्षमा करणे फारसे कठीण जात नाही. तेव्हा प्रत्युत्तर थोडके असावे: फळाची छायाचित्रे मागवावीत, दोष मान्य असेल तर परत करावयाची रक्कम आणि दिवस कळवावा, ती रक्कम फळासाठी आहे व शांतपणे सांगितले असते तरी तीच मिळाली असती हे नोंदवावे, आणि धमकीची भाषा स्वीकारली जाणार नाही हे एका वाक्यात लिहून थांबावे.

येथे एका भेदाची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, असे म्हणणारा ग्राहक धमकी देत नसतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला मार्ग तो दाखवत असतो, आणि त्याला उर्मट ठरवणे हा विक्रेत्याचाच अन्याय होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३५१ वे कलम ज्याला गुन्हा मानते ते निराळे आहे: शरीराला, मालमत्तेला किंवा लौकिकाला इजा करण्याचे भय घालून माणसाला घाबरवणे, किंवा जे करण्यास तो बांधलेला नाही ते त्याच्याकडून करवून घेणे.

आणि क्षमेचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. पैठणच्या नाथांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते प्रत्येक वेळी गोदावरीत स्नान करून आले, ही कथा महाराष्ट्राला क्षमेचा परमावधी म्हणून ठाऊक आहे. पण थुंकले गेले ते नाथांवर, म्हणून सोसण्याचा अधिकारही नाथांचाच होता. बागायतदाराला आलेल्या धमकीचा रोख पुष्कळदा त्याच्याकडे नसतो. पेटी पोहोचवणारा गाडीवान, मागण्या लिहून घेणारी मुलगी, बागेत रात्रभर जागणारा नेपाळी राखणदार, यांच्यापैकी कोणाला तरी हात लावण्याची ती भाषा असते, आणि मालकाने आपल्या उदारपणाने ती माफ करून टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे होय. त्या माणसांना संदेश दाखवला पाहिजे, त्यांना भीती वाटते का हे विचारले पाहिजे, आणि वाटत असेल तर मालकाला गिऱ्हाईक राखण्याचा मोह सोडून पोलीस ठाण्यात जावे लागते. तसे जातानाही साका निघालेल्या पेटीचे पैसे अडवून धरण्याचा हक्क त्याला मिळत नाही; तक्रारीची नोंद आणि परत केलेल्या रकमेची पावती एकाच दिवसाची असू शकते. पुढच्या हंगामात त्या ग्राहकाला पेटी द्यावी की नाही, हे मात्र त्याने गाडीवानाला, त्या मुलीला आणि राखणदाराला विचारून ठरवावे.