दहावा माणूस

दिवाळीची आवराआवर करताना कपाटाच्या तळाशी नगरपालिकेची एक जुनी पावती सापडली. 2018 साली धाराशिवात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, मी घर बांधले. त्या वेळी भरलेल्या कामगार उपकराची ती पावती. बांधकामाच्या खर्चाच्या 1 टक्का रक्कम बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी जाते, असे कळल्यावर ती मी किंचित अभिमानानेच भरली होती. पुण्य इतक्या रीतसर पावतीसह क्वचितच मिळते!

आमच्याकडचा मनुष्य घर बांधताना जरा अधिकच चिकित्सक होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतरचे सास्तूर आणि किल्लारी ज्याने पाहिले, तो दगडमातीच्या भिंतीवर पुन्हा विश्वास टाकीत नाही. मी रोज सकाळी जाऊन खांबांतल्या सळया मोजीत असे. दोन रिंगांमधले अंतर अधिक दिसले, की गुत्तेदाराला हाक मारी. तो बिचारा निमूटपणे बदलून देई. माणसे मात्र मी कधी मोजली नाहीत.

हजेरीवहीत ती नऊ होती. नऊच का, हे पुढे उमगले. त्या वेळचा 1996 चा कायदा दहा माणसांपासून लागू होई; आणि मागल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा जण कामावर असले तरी त्याला पुरे होते. स्लॅबच्या दिवशी तर घमेल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि चहाचे पेले कमी पडले होते! वेदान्तातल्या गोष्टीत दहा जण नदी उतरतात, आणि मोजणारा स्वतःला विसरतो म्हणून नऊच भरतात. आमच्या वहीतला वेदान्त निराळा होता. इथे मोजणारा सोयीने विसरत होता, आणि चहाचे पैसे देणारा मी शेजारीच उभा होतो. सरकारी अधिकारी आला असता तर त्याला वही दिसली असती. मला रोज माणसे दिसत होती.

फरशी बसत असताना त्यांतलीच एक बाई मजकडे आली.

"गुर्जी, नव्वद दिसाचा दाखला मिळंल का? मंडळात नाव लागतंय म्हनं."

वर्षात 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यावाचून कल्याणकारी मंडळात नोंदणी होत नसे. माझ्या एकट्याच्या घरी तिचे चार महिने भरले होते. पण वहीत तिचे नाव नव्हते. गुत्तेदाराने दाखला दिला, की नवाचे दहा होणार.

"ते गुत्तेदाराशी बघा, बाई," मी म्हणालो.

यात खोटे काहीच नव्हते. दर ठरवताना त्याच गुत्तेदाराला मी शेवटच्या रुपयापर्यंत खाली ओढले होते, एवढे मात्र बोललो नाही. "बरं," म्हणून तिने घमेले उचलले.

नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याची जागा नव्या संहितांनी घेतली. त्यांत स्वतःच्या राहत्या घराचे 50 लाखांपर्यंतचे काम वगळले आहे. "म्हणजे तुमचं घर आज बांधलं असतं, तर ही भानगडच नसती," असे एका वकील स्नेह्याने मला सांगितले. मला बरे वाटेल, अशी त्याची कल्पना असावी.

खरे पाहता तो दाखला नगरपालिकेकडूनही मिळू शकत होता, आणि मला ते ठाऊक होते. कचेरी घरापासून दहा मिनिटांवर. ही पावती आणायला मी तिथेच गेलो होतो.