खर्च हवा, काम नको

पोर्तुगालच्या डिजिटल नोमॅड व्हिसाची मी चौकशी केली. २०२२ पासून मिळतो. कमाई तिथल्या किमान वेतनाच्या चौपट हवी, आणि तीही देशाबाहेरून येणारी. म्हणजे त्यांना माझा खर्च हवाय, काम नकोय. हिशेब चोख आहे. पण सोलापुरात भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकावरून जाताना तो खुपतो. १९३८ साली ते युद्धातल्या चीनमध्ये गेले, चिनी शिकले, तिथेच संसार मांडला, १९४२ मध्ये तिथेच वारले. तिथल्या जखमींना त्यांची गरज होती. माझ्यामुळे लिस्बनच्या एखाद्या गल्लीत फार तर घरभाडं वाढेल.

कोटणीस होणं सगळ्यांना जमत नाही, कबूल. निदान पोर्तुगीज तरी शिकतो, असं मित्राला म्हटलं.

“कशाला? तिथं इंग्रजीवर भागतं की!”